पाठ न पाहता लावलेली बोली

१

घरात चोरी झाली की माणूस आधी काय गेलं ते बघतो. सुईच्या घरात त्या संध्याकाळी उलटाच प्रकार झाला. गेलं काहीच नव्हतं, आलं होतं, आणि जे आलं ते पाहून तिला दरदरून घाम फुटला.

अंगाने किडकिडीत आणि बोलायला टोकदार, म्हणून वडील तिला सुई म्हणायचे. पुढे सगळी गल्लीच म्हणायला लागली. वडील रफूगार होते. कुरतडलेला, जळालेला गालिचा ते असा दुरुस्त करायचे की भोक कुठे होतं ते मालकालाच शोधावं लागे. ते गेल्यावर कारखाना सुईने सांभाळला. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांबडी खोली, दोन माग, धुण्याचा सिमेंटचा हौद आणि तीन माणसं: ती, तिचा धाकटा भाऊ आणि वडिलांचे जुने सोबती रंगारी काका. पडून राहिलेले गालिचे ती अधूनमधून इंटरनेटवरच्या लिलावात काढायची.

या वेळचा गालिचा जेमतेम पलंगाएवढा होता. मध्ये दोन पक्षी, भोवती पानांची नक्षी. तो विकायला तिचं मन घेत नव्हतं, पण आईने टुमणंच लावलं. "काढून टाक तो. नजरेसमोर नको मला."

सुईने लिलावात सरळ लिहिलं, "जुना नाही. माझ्या वडिलांनी विणलेली नक्कल आहे. मधोमध झिजला आहे, एका बाजूचा काठ उसवला आहे." एखाद्या बऱ्या गादीची किंमत आली तरी पुष्कळ, असा तिचा अंदाज. लिलाव मिटला तेव्हा पडद्यावर जो आकडा होता त्यात शहराच्या टोकाला दोन खोल्यांचं घर आलं असतं.

धाकट्याने आरोळी ठोकली, एक उडी मारली, पडद्यावरची शून्यं बोटाने पुन्हा तपासली आणि परत आरोळी ठोकली. "ताई, आपलं नशीब फळफळलं!"

"कुणाचं तरी फुटलंय," सुई म्हणाली. "मी नक्कल म्हणून लिहिलंय ना? वाचता येत नाही का माणसाला?"

तिला ते पैसे बघवेनात. जेवण जाईना. बोली लावणारे दोघेच होते. एकाने स्वतःचं नाव 'जाणता' ठेवलं होतं, दुसऱ्याने 'नवखा', आणि दोघांनी एकमेकांना शिडीवर चढवावं तशी किंमत चढवली होती. जिंकला जाणता. सुईने त्याला निरोप टाकला, "किंमत फार जास्त झाली आहे. गालिचा तेवढ्याचा नाही. सौदा रद्द करू या, माझी काही तक्रार नाही."

उत्तर लगेच आलं. "सौदा झाला. गाडी पाठवतो."

दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात जमा झाले आणि दुपारी दारात गाडी उभी राहिली. दोन माणसांनी गालिचा गुंडाळून आत ठेवला, दार ओढून घेतलं. त्या दारावर सोनेरी अक्षरांत दालनाचं नाव होतं. सुईने ते वाचलं आणि उंबऱ्यावरच बसली. तिच्या वडिलांना चोर ठरवणाऱ्या माणसाचं दालन होतं ते.

२

"रड नको, बोल," मामा म्हणाले. "रडलेलं मला कळत नाही."

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. विमा कंपनीत तपासनीस होते. जन्मभर जळालेली गोदामं हुंगत फिरले आणि त्यातली निम्मी मालकांनीच पेटवलेली निघाली, त्यामुळे जगाबद्दल त्यांचं मत काही फार चांगलं नव्हतं. भाचीवर मात्र जीव होता. निरोप मिळताच आले आणि कारखान्यातल्या लोकरीच्या पोत्यावर ऐसपैस बसले.

गोष्ट त्यांना ठाऊकच होती, तरी सुईने पुन्हा सांगितली. सांगितल्याशिवाय तिला राहवेना. ती लहान असताना संग्रहालयाने वडिलांकडे एक फार जुना गालिचा दुरुस्तीला दिला होता. दोन पक्षी, पानांची नक्षी. वडिलांची रीत अशी की जुन्या कामाला हात लावण्याआधी तेच काम नव्या लोकरीत विणून बघायचं. हात बसला की मग दुरुस्ती. त्यांनी हौसेने अख्खा गालिचाच विणला. मग खरा दुरुस्त केला, धुतला, परत केला. धुतल्यावर त्याचे दबलेले रंग असे उघडले की संग्रहालयाचे लोक खूश झाले.

एकच माणूस खूश झाला नाही. जुन्या गालिच्यांची किंमत ठरवणारा, सगळे ज्याला पारखी म्हणत तो. त्याने नुसतं उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हणाला, "जुन्याचे रंग असे ताजे नसतात. ही नक्कल आहे. खरा रफूगाराच्या घरात आहे."

वडील म्हणाले, नक्कल मी रंगाऱ्याला भेट दिली, तो परगावी घेऊन गेला. ती आणा, दोन्ही शेजारी ठेवा, मी सिद्ध करून देतो. संग्रहालयाचा माणूस परगावी गेला. रंगारी काका घाबरले. चोरीत आपलंही नाव येईल म्हणून सरळ म्हणाले, "माझ्याकडे असलं काही नाही."

पुरावा नाही म्हणून खटला उभा राहिला नाही, पण चोर हा शब्द उभा राहिला. कामं गेली. ओळखीचे लोक रस्ता बदलू लागले. वडील त्यातच खंगून गेले, आणि ते गेल्यावर काका टेम्पोत गालिचा घालून आले, दारात बसून हुंदके देऊन रडले. इतकी वर्षं त्यांच्या घरच्यांच्या पायाखाली, दारातल्या उन्हात पडून नक्कल पार म्हातारी झाली होती. सुईला हाताखाली जाणतं माणूस हवं होतं. तिने त्यांना ठेवून घेतलं. आई त्यांना चहा द्यायची. बोलायची मात्र नाही, एक शब्दसुद्धा.

"तेव्हाच का नाही गेलात पारख्याकडे?" मामांनी विचारलं.

"काय घेऊन जाणार? बाबा म्हणायचे, नक्कल करणाऱ्याने आपली खूण सोडलीच पाहिजे, नाहीतर ती चोरी. मी गाठ न् गाठ तपासली, मामा. खूण नाही. तसाच नेला असता तर म्हणाला असता, हाच तो, चोरीचा, वापरून वापरून चिंध्या केल्यात."

मामांनी हनुवटी खाजवली. "मग आता त्याने तोच गालिचा एवढे पैसे ओतून का घेतला?"

"ते मला नाही माहीत. पण..." सुई थांबली. बोलायला तिला लाज वाटत होती. "मामा, त्याचं नाव वाचलं तेव्हा आधी मला गार गार वाटलं. बरं झालं, बुडू दे मेल्याला, असं वाटलं. मग पैशांचा आकडा आठवला. त्याचे असले तरी पैसे फसवणुकीचेच ना? ते घरात ठेवले तर तो म्हणाला होता ते खरं होईल."

"परत देऊन ये मग."

"तो घेत नाही!"

"समोर जा. माणूस निरोपात वेगळा असतो आणि तोंडावर वेगळा."

३

पारखी तोंडावर जास्त वाईट होता.

त्याच्या दालनात पावलांचा आवाज होत नव्हता, इतकी जाड बैठक. कोपऱ्यात पितळी दिवे, भिंतीवर गालिचे आणि मधोमध उंच चौकटीवर ताणून बसवलेले दोन पक्षी. पारखी साठीचा, गुळगुळीत दाढीचा. सुईला त्याने खुर्चीसुद्धा दाखवली नाही.

"तुमचे पैसे परत करायला आलेय," सुई म्हणाली. "हा गालिचा बाबांनी विणलाय. मी मागाखाली बसून पाहिलंय त्यांना विणताना. तुम्ही लुबाडले जाताय."

पारखी मनापासून हसला. "किंमत कळली वाटतं आता? आणि परत हवासा वाटतोय? बापासारखीच गं तू. त्यानेही मला असंच डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं."

"मला तो परत नकोय. फाडून टाका, जाळा. पैसे तेवढे घ्या."

"पोरी, ही झीज बघ. हे विटलेले रंग बघ. हे नकलेला येत नाही, याला काळ जावा लागतो. हाच तो. तुझ्या बापाने लपवलेला, आणि तू चार पैशांसाठी नक्कल म्हणून बाजारात आणलेला." त्याने चौकटीवरून लाडाने हात फिरवला. "रविवारी सकाळी कार्यक्रम ठेवलाय. संग्रहालयाचे संचालक येतील, वर्तमानपत्रवाले येतील. चोरीला गेलेला गालिचा मी पदरच्या पैशाने सोडवून आणला, हे सगळ्यांना कळू दे. घराण्याचं नाव निघेल तुमच्या."

त्याच्या गळ्यातला रुमाल आवळावा असं सुईला अगदी खरोखर वाटलं. ती पैसे परत करायला आली होती आणि वडिलांना दुसऱ्यांदा चोर ठरवून निघाली होती.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा तो मागून म्हणाला, "आणि एक सांगून ठेवतो. तो जो नवखा माझ्यावर बोली चढवत होता ना, त्याचा मी शोध घेतोय. विकणाऱ्याच्या घरातल्याने बोली लावणं हा गुन्हा आहे. तो तुमच्यातला निघाला, तर या वेळी पुराव्यासकट आत जाल."

४

"तो नवखा कोण, हे त्याच्या आधी आपल्याला कळायला हवं," मामा म्हणाले आणि कामाला लागले.

त्यांची चौकशी म्हणजे गप्पा. आधी त्यांनी धाकट्याला पकडलं. धाकट्याला नवी मोटारसायकल हवी होती, त्यामुळे संशय घ्यायला तो सोयीचा होता.

"मी?" धाकटा चिडला. "मामा, मी बोली लावली असती तर पहिल्या आकड्याला घाबरून पळालो असतो. जाणता थांबला असता तर गालिचा आपल्याच गळ्यात पडला असता ना! एवढी छाती कुणाची आहे आपल्याकडे?"

"हे मात्र पटलं," मामा म्हणाले.

रंगारी काकांचे हात मनगटापर्यंत निळे होते. ते मामांच्या नजरेला नजर देत नव्हते. "मी एकदा खोटं बोललो," ते म्हणाले, "आणि माझ्या मित्राचा जीव गेला. आता पुन्हा त्याच गालिच्यापायी काही करायची ताकद माझ्यात नाही. तुम्हाला खरं वाटत नसलं तर नसू दे. वहिनींनाही वाटत नाही."

मामा मग सुईच्या शेजारी बसले आणि लिलावाचं पान पुन्हा पुन्हा वरखाली करायला लावलं.

"गालिचा घेणारा माणूस आधी काय बघतो गं?"

"पाठ. तोंडावर रंगरंगोटी करता येते, पाठ खोटं बोलत नाही. गाठी मागूनच कळतात. ज्याला थोडंफार कळतं तो पाठ पाहिल्याशिवाय दमडी लावत नाही."

"इथे पाठीचा फोटो कधी आला?"

"जाणत्याने मागितला तेव्हा. मधल्या दिवसांत कधीतरी. मी नाही टाकला, धाकट्याने टाकला असेल."

"मी नाही टाकला," धाकटा तिकडून ओरडला. "मला वाटलं तू टाकलास."

घरातला संगणक बाहेरच्या खोलीत सगळ्यांचा मिळून एकच, उघडाच असायचा.

"पाठीचा फोटो येण्याआधी जाणत्याने फक्त एक बारीकशी बोली लावली," मामा म्हणाले. "खडा टाकून बघितल्यासारखी. नवख्याने मात्र तेव्हापासूनच दणादण चढवायला सुरुवात केली होती. पाठ न पाहता. मूर्ख असता तर एवढ्या नेटाने शेवटपर्यंत टिकला नसता. म्हणजे त्याला पाठ बघायची गरजच नव्हती. त्याने ती पाहिलेली होती."

सुईने पडद्यावरून मान वर केली. "म्हणजे आपल्यातलाच."

"फोटो मोठा कर." पाठीचा फोटो पडद्यावर पसरला. गालिचा गॅलरीच्या कठड्यावर उलटा टाकलेला, दशा विंचरून सरळ केलेल्या, आणि उजव्या काठाला, मध्याच्या जरा खाली, कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. मामांनी त्यावर बोट टेकवलं. "हा का?"

"उडू नये म्हणून असेल."

"उडू नये? दोन माणसांनी उचलायचा गालिचा तो! कपड्याच्या चिमट्याने काय धरणार त्याला?"

सुई वाकून बघू लागली. काठ उसवला होता ती हीच जागा. चिमटा काही धरत नव्हता. तो झाकत होता.

"आता शेवटचं," मामा म्हणाले. "लिलाव मिटला त्या दुपारी नवख्याने सगळ्यात जास्त बोल्या लावल्या, एकामागून एक. तेव्हा तुम्ही तिघं कुठे होतात?"

"हौदावर," सुई लगेच म्हणाली. "हॉटेलचा मोठा गालिचा धुवून काढत होतो. पाणी प्यायलेला गालिचा म्हणजे काय असतं माहीत नाही तुम्हाला. एकाने हात सोडला तर बाकी दोघांची पाठ मोडते. दांडीवर चढेपर्यंत कुणी नाक पुसायलासुद्धा हात काढला नाही."

"तिघांचे सहा हात ओले. फोनला कुणाचाच लागला नाही." मामा उठले. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसायला लागला. "मग त्या दुपारी घरात कोरड्या हाताने कोण बसलं होतं?"

स्वयंपाकघरातून भांडी लावल्याचा आवाज येत होता.

५

आईने काही नाकारलं नाही. हात पुसले, ओट्याला टेकून उभी राहिली आणि मामांना म्हणाली, "तुला जरा लवकरच कळलं. मला वाटलं होतं रविवारपर्यंत कळणार नाही."

"ताई, हा गुन्हा आहे," मामा म्हणाले. "आपल्याच मालावर आपणच बोली. तो तुला फरफटत नेईल."

"नेऊ दे. सांगणारच आहे मी सगळ्यांना."

सुईला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "आई, मी चार दिवस जेवले नाहीये. मला वाटतंय मी कुणाला तरी लुटलं. आणि तू समोर पोळ्या लाटत होतीस?"

"हो." आईने तिच्याकडे सरळ पाहिलं. "बस खाली. तुझ्या बाबांनी खूण सोडली होती. गाठीत नाही. तू गाठी बघत बसलीस, म्हणून सापडली नाही. त्यांनी माझा पोपटी स्वेटर उसवला होता, कृत्रिम धाग्याचा, दुकानातून आणलेला. एक आडवा धागा त्याचा घातला, या काठापासून त्या काठापर्यंत. वरून गाठी आल्या की तो पोटात गडप होतो. म्हणाले, नकलेच्या पोटात आपल्या काळाची वस्तू असली की पुढे कुणी फसत नाही. काठ उसवलाय तिथे त्याचं टोक दिसतं. त्यावर मी चिमटा लावला."

"तुला हे ठाऊक होतं! काका गालिचा घेऊन आले तेव्हाच ठाऊक होतं!"

"होतं."

"मग तेव्हाच का नाही दाखवलं?"

"काय झालं असतं?" आईचा आवाज पहिल्यांदा चढला. "चार माणसांत मिटलं असतं. पारखी म्हणाला असता, 'अरेच्चा, चूक झाली वाटतं,' चहा पाजला असता, दारापर्यंत सोडायला आला असता. यांना चोर म्हणाला तेव्हा चार माणसांत म्हणाला होता का? गावभर म्हणाला. दूधवाल्याने उधार बंद केलं माझं. मला ते चार माणसांत मिटवायचं नव्हतं."

मामा हळूच म्हणाले, "म्हणून किंमत चढवलीस."

"स्वस्तात मिळाला असता तर गुपचूप घेऊन कुठेतरी गुपचूप विकला असता त्याने. एवढं ओतल्यावर माणूस गप्प बसत नाही. गावजेवण घालतो. ज्याच्यावर आपण जीवापाड पैसे लावले ते खोटं आहे, हे त्याला आता कुणी सांगितलं तरी ऐकू येणार नाही."

"आणि तो मध्येच थांबला असता तर?"

"नसता थांबला. त्याला वाटत होतं, दुसऱ्या कुणाला तरी खरं कळलंय. इतक्या वर्षांत त्याच्या पुढे कुणी गेलेलं त्याला चाललंय का कधी?"

सुई तिच्या समोर येऊन उभी राहिली. "आणि मी? मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू त्याच्या दारात पैसे घेऊन गेली असतीस का? नाटक तुला जमत नाही. तू आपणहून गेलीस, त्याने तुला हाकलून दिलं, हे त्याच्या नोकरांनी पाहिलं. आता पैशासाठी केलं असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही." आईने पदराने तोंड पुसलं. "तुला जास्तीचं पचत नाही, हे मला ठाऊक होतं. बापावर गेलीयेस."

आपल्या चांगुलपणाची आपल्याच आईने दोरी वळली, याचा सुईला भयंकर संताप आला होता. आणि त्या संतापाच्या खाली, तिने लपवायचा कितीही प्रयत्न केला तरी, रविवार कधी उजाडतो असं झालं होतं.

आई तिला ओलांडून कारखान्याच्या दाराशी गेली. रंगारी काका तिथे निळे हात घेऊन उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"भावजी," आई म्हणाली. काका दचकले; इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती. "तुम्हीही यायचंय."

६

रविवारी पारख्याचं दालन भरून गेलं होतं. फुलांच्या परड्या, कॅमेरे, पुढच्या रांगेत संग्रहालयाचे संचालक. आई मुद्दाम शेवटच्या रांगेत बसली, मामा तिच्या शेजारी. पारखी चौकटीपाशी उभा राहून बोलत होता. रफूगाराचं नाव त्याने तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा त्याच्यामागे चोर जोडलं.

"कुणाला काही विचारायचंय?" त्याने शेवटी हसून विचारलं.

सुई उठली. "मला विकत घेणाऱ्याशी बोलायचंय. मी विकणारी."

पारख्याने नोकराकडे पाहिलं, पण संचालक वळून बघत होते आणि कॅमेरेही वळले होते. त्याला हसणं भाग पडलं.

सुई पुढे गेली. वडिलांनी तयार केलेला हात होता तिचा. तिने सुईच्या टोकाने उसवलेल्या काठातून पोपटी टोक उचललं, कात्रीने बोटभर तोडलं, चिमट्यात धरलं आणि काडी ओढली. धागा पेटला नाही, वितळला. काळा कडक मणी झाला. जळक्या प्लास्टिकचा वास पुढच्या रांगेपर्यंत गेला.

"लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख होते," ती म्हणाली. "हा कृत्रिम धागा आहे. माझ्या आईच्या स्वेटरचा."

"दुरुस्तीचा टाका!" पारखी फटकन म्हणाला. "काठाला रफू केलंय तुझ्या बापाने, त्यात काय?"

"मीही तेच म्हणाले असते," सुई म्हणाली. ती चौकटीच्या दुसऱ्या टोकाला गेली, त्याच ओळीतला काठ उसवला. तिथेही पोपटी. तिने या टोकाला ओढ दिली आणि पलीकडचं टोक काठात आत सरकलं. पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना ते दिसलं. "हा आडवा धागा आहे, इथून तिथपर्यंत. हा नंतर घालता येत नाही. घालायचा तर वरचा अर्धा गालिचा उसवून पुन्हा विणावा लागेल. काका?"

रंगारी काका उठले. "हा गालिचा माझ्या घरी होता. मला विचारायला माणूस आला तेव्हा मी नाही म्हणालो. भ्यालो म्हणून. तो चोर नव्हता. मी खोटारडा होतो."

संचालक उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. "मग आम्ही नक्कल म्हणून तळघरात टाकलेला आहे तो..."

"तो खरा आहे," सुई म्हणाली. "बाबांनी धुवून, दुरुस्त करून तुमच्या हातात दिलेला. तोच."

सगळे एकदम बोलायला लागले. पारखी पुटपुटला, "तू मला आधी का नाही..." आणि त्याचं त्यालाच आठवलं असावं, कारण तो मध्येच थांबला.

सुईने पिशवीतून चेक काढला आणि त्याच्या पुढ्यातल्या फुलांवर ठेवला.

"नवखा म्हणजे माझी आई. ती मागे बसलीये, कबूल करायला आलीये, तुम्हाला तक्रार करायची तर करा. हे तुमचे पैसे, सगळे. आमच्या घरात दुसऱ्याचं काही राहत नाही."

तो चेककडे बघत राहिला. घेतला तर कबूल केल्यासारखं होतं आणि न घेतला तर एका सरावाच्या नकलेपायी घराएवढी रक्कम गेली होती. सगळे बघत होते. शेवटी त्याने तो घेतला, घाईने, आणि त्याच्या हाताला लागून एक परडी खाली पडली.

बाहेर उन्हात आई कठड्याला धरून उभी होती. तिला धाप लागली होती. सुईच्या मनात बोलायचं पुष्कळ होतं: तू मला वापरलंस, मी हे विसरणार नाही, असं बरंच. ते सगळं खरंही होतं. पण आईने तिचा दंड घट्ट पकडला.

"मला मागून नीट दिसलं नाही," आई म्हणाली. "पुढे सगळी डोकी. चेक घेतला तेव्हा त्याचं तोंड कसं झालं होतं?"

सुईने सांगितलं. ओठ कसे पांढरे पडले, मान कशी खाली गेली, गळ्यातला रुमाल त्याने कसा उगाच ओढला.

आईने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"परत सांग," ती म्हणाली.